घरचा संघ कोणता? नाशिकचा क्रिकेटरसिक आणि महाराष्ट्र संघ : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

क्रीडेचा इतिहास लिहिताना खेळाडू, विक्रम आणि संस्था यांना नेहमीच प्राधान्य मिळत आले आहे. ज्याच्यामुळे खेळ हा केवळ व्यायाम न राहता सामाजिक व्यवहार बनतो तो प्रेक्षक मात्र या इतिहासात बहुधा एका आकड्यापुरता उरतो. 'मैदान प्रेक्षकांनी फुलून गेले होते' या एका वाक्यात त्याची बोळवण होते. तो कोठून आला, त्याने हाच संघ आपला का मानला आणि संघ हरत राहिला तरी तो त्याच्याशी का बांधलेला राहिला, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. वस्तुतः एखाद्या प्रदेशाची अस्मिता कशी घडते, हे समजून घेण्यासाठी हे प्रश्न महत्त्वाचे आहेत.

गावच्या संघावरील आजन्म निष्ठेचे प्रसिद्ध उदाहरण म्हणून अमेरिकेतील बेसबॉलचा उल्लेख केला जातो. शिकागो कब्ज या संघाने १९०८ मध्ये विजेतेपद मिळवले आणि त्यानंतरचे विजेतेपद त्याला २०१६ मध्ये मिळाले. मधल्या १०८ वर्षांत त्या शहरातील कित्येक कुटुंबांत ही प्रतीक्षा वडिलांकडून मुलाकडे वारशासारखी आली. याउलट ब्रुकलिन डॉजर्स हा संघ १९५७ च्या हंगामानंतर मालकाने थेट लॉस एंजेलिसला हलवला व ब्रुकलिनमधील चाहत्यांच्या हाती केवळ आठवण उरली. निष्ठा चाहत्याची असते, पण संघावर त्याचा अधिकार नसतो, ही गोष्ट या दोन उदाहरणांतून स्पष्ट होते.

महाराष्ट्रात याच्याशी तुलना करता येईल असा अनुभव नाशिकच्या क्रिकेटरसिकाचा आहे. त्याचा 'घरचा संघ' म्हणजे रणजी करंडक स्पर्धेत खेळणारा महाराष्ट्र संघ होय. या संघाने आपले शेवटचे रणजी विजेतेपद १९४०-४१ च्या हंगामात मिळवले. या संघाचे नाशिकशी असलेले नाते कसे घडले आणि ते कशावर टिकून राहिले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संघ आधी, राज्य नंतर

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. पहिल्याच हंगामात भाग घेणाऱ्या संघांत 'महाराष्ट्र' या नावाचा संघ होता, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे. त्या वेळी महाराष्ट्र नावाचे राज्य अस्तित्वात नव्हते. मराठी भाषक प्रदेश मुंबई इलाखा, मध्य प्रांत व वऱ्हाड, हैदराबाद संस्थान आणि कोल्हापूर-सांगलीसारखी अनेक लहानमोठी संस्थाने यांत विभागलेला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर १ मे १९६० रोजी राज्याची स्थापना झाली. म्हणजेच धावफलकावर 'महाराष्ट्र' हे नाव राज्यस्थापनेच्या सुमारे पंचवीस वर्षे आधी लागले होते.

मात्र राज्य स्थापन झाल्यावरही क्रिकेटचा नकाशा त्याच्याशी जुळला नाही. आज एकाच राज्यातून रणजी स्पर्धेत तीन संघ उतरतात. मुंबईचा संघ मुंबई शहर, उपनगरे व ठाणे-पालघर पट्ट्यातील भाग यांचे प्रतिनिधित्व करतो. १९५७-५८ पासून खेळणारा विदर्भ हा नागपूर-अमरावतीकडील जिल्ह्यांचा संघ आहे. उरलेले जिल्हे, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, मराठवाडा, कोकणाचा बराचसा भाग आणि नाशिक, हे पुण्यात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत येतात. ज्या संघाच्या नावात संपूर्ण राज्य आहे, त्या संघात राज्याची राजधानी नाही आणि उपराजधानीही नाही.

नाशिकची स्थिती या रचनेत अधिकच वेगळी आहे. नाशिक मुंबईपासून सुमारे १७० किलोमीटर, तर पुण्यापासून सुमारे २१० किलोमीटर अंतरावर आहे. कसारा घाटातून जाणारा लोहमार्ग नाशिकला एकोणिसाव्या शतकापासून मुंबईशी जोडतो. पुण्याशी मात्र नाशिकचा थेट लोहमार्ग नाही. व्यापार, नोकरी, वृत्तपत्रे आणि चित्रपट या सर्व बाबतींत नाशिकचे तोंड मुंबईकडे राहिले आणि क्रिकेटच्या बाबतीत मात्र त्याचे घर पुण्यात ठरले. नाशिकच्या मुलाला रणजी खेळायचे असेल तर जिल्हा संघातून निवड होत त्याला महाराष्ट्राच्याच संघात जावे लागते. त्यामुळे नाशिकच्या क्रिकेटरसिकासमोर जो प्रश्न उभा राहतो तो पुणेकर किंवा मुंबईकर रसिकासमोर कधीच येत नाही. जवळचा आणि जिंकणारा संघ आपला, की दूरचा पण आपल्या मुलांना घेणारा संघ आपला?

धर्माच्या संघाकडून प्रांताच्या संघाकडे

रणजी स्पर्धेपूर्वी 'आपला संघ' ही कल्पना प्रांताशी नव्हे, तर धर्माशी निगडित होती. मुंबईतील युरोपियन व पारशी संघांच्या सामन्यांतून वाढत गेलेल्या स्पर्धेत १९०७ मध्ये हिंदू संघ दाखल झाला व ती तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघाच्या समावेशाने ती चौरंगी व १९३७ मध्ये 'रेस्ट' संघामुळे पंचरंगी बनली. डिसेंबर १९४० मध्ये महात्मा गांधींनी या जातीय स्वरूपाच्या स्पर्धेविरुद्ध मत व्यक्त केले. पुढे १९४६ मध्ये ती कायमची बंद झाली.

या स्पर्धेतील निष्ठा कितीही उत्कट असली तरी तिच्या मर्यादाही तितक्याच ठळक होत्या. हिंदू संघाचा श्रेष्ठ गोलंदाज पाळवणकर बाळू हा दलित समाजातील होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले, तरी त्याला हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला ते १९२३ मध्ये मिळाले आणि त्याच्या नेतृत्वाखाली हिंदू संघ विजयी झाला. मैदानावर विठ्ठलचा जयजयकार झाला. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, नाशिकच्या काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला व मंदिराची दारे दलितांसाठी बंदच राहिली. हिंदू म्हणून ज्याच्या विजयाचा अभिमान बाळगला जात होता, त्याच्याच समाजाला हिंदूंच्या देवळात जाता येत नव्हते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवला येथे डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्या काळात नाशिक जिल्ह्यात धर्माच्या चौकटीचा हा फोलपणा उघड होत होता, त्याच काळात क्रिकेटमध्ये प्रांतावर आधारलेला संघ उभा राहत होता. हा केवळ कालगणनेचा योगायोग मानला तरी त्यातील अर्थ दुर्लक्षिता येत नाही. प्रांताच्या संघाने चाहत्याला धर्म न विचारता 'आपला' म्हणण्याची एक नवी शक्यता दिली.

दोन विजेतेपदे आणि त्यांची स्मृती

महाराष्ट्र संघाला घडवणारे व्यक्तिमत्त्व म्हणजे प्रा. दि. ब. देवधर. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या या कर्णधाराच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० मध्ये संयुक्त प्रांताचा आणि १९४०-४१ मध्ये मद्रासचा अंतिम सामन्यात पराभव केला. १९३९-४० मध्ये विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध पुण्यात नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी स्पर्धेतील ते पहिले त्रिशतक होय. पुढच्या हंगामात मुंबईविरुद्ध महाराष्ट्राने ६७५ धावा उभारल्या, त्यांत पन्नाशीच्या उंबरठ्यावरील देवधरांच्या २४६ धावा होत्या. मुंबईने उत्तरादाखल ६५० धावा केल्या, पण त्या अपुऱ्या ठरल्या. मुंबईला मागे टाकून करंडक जिंकण्याचा हा प्रसंग महाराष्ट्राच्या चाहत्याच्या स्मृतीत पुढील कित्येक दशके मानदंड म्हणून राहिला.

त्यानंतर मात्र संघाची घडी विस्कटली. यामागील एक महत्त्वाचे कारण आर्थिक होते. त्या काळी क्रिकेटमधून उपजीविका होत नसे. संस्थानिकांचा आश्रय हाच खेळाडूंचा मुख्य आधार होता. मूळचे सांगलीचे हजारे बडोद्याकडे गेले व बडोद्याच्या विजेतेपदांचे शिल्पकार ठरले. पुण्यात जन्मलेले चंदू बोर्डे यांनीही काही काळ बडोद्याचे प्रतिनिधित्व केले. आपला खेळाडू दुसऱ्याच्या संघात मोठा होताना पाहणे हा अनुभव महाराष्ट्राच्या चाहत्याला अशा प्रकारे फार लवकर मिळाला.

विजेतेपद दुरावले तरी कौतुकाचे प्रसंग कमी नव्हते. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ धावांवर खेळत होते. डॉन ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ धावांचा तत्कालीन जागतिक विक्रम मोडण्यास दहा धावा हव्या असताना प्रतिस्पर्धी कर्णधाराने मध्यंतरानंतर पुढे खेळण्यास नकार दिला. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावांवर सामना संपला. कोल्हापूरच्या निंबाळकरांना पुढे एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. मार्च १९४९ मध्ये पुण्यातच मुंबई-महाराष्ट्र सामन्यात दोन्ही संघांनी मिळून २३७६ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातील हा धावसंख्येचा उच्चांक ठरला. महाराष्ट्राने दुसऱ्या डावात ६०४ धावा काढल्या, तरीही मुंबई ३५४ धावांनी जिंकली. हे दोन सामने महाराष्ट्र संघाच्या पुढील वाटचालीचे जणू सूचक ठरले. विक्रम अर्ध्यावर राहिला आणि सहाशे धावा करूनही पराभवच पदरी आला.

मुंबईची सावली

१९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईने सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला. या काळात वाढलेल्या नाशिककर मुलाच्या दृष्टीने कसाऱ्याच्या घाटाखाली, रेल्वेने काही तासांवर, देशातील सर्वांत बलाढ्य संघ होता. अशा स्थितीत अनेकांनी मुंबईला आपले मानले असल्यास नवल नाही. तरीही महाराष्ट्राशी असलेला धागा तुटला नाही. त्यामागे आकाशवाणीचा वाटा लक्षात घ्यावा लागतो. पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. मराठी क्रिकेट समालोचनाला प्रतिष्ठा मिळवून देणारे बाळ ज. पंडित हे स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले होते. ज्याला पुण्याला जाऊन सामना पाहणे परवडत नव्हते, त्याच्यापर्यंत क्रिकेट त्याच्या भाषेत पोहोचले. समालोचनामुळे खेळ मराठी झाला आणि खेळ मराठी झाल्यावर 'महाराष्ट्र' या नावाला केवळ प्रशासकीय नव्हे, तर भावनिक अर्थ प्राप्त झाला.

१९७०-७१ मध्ये महाराष्ट्र अंतिम फेरीत पोहोचला. समोर मुंबईच होती. अजित वाडेकर, सुनील गावसकर आदी मुंबईचे प्रमुख खेळाडू भारतीय संघासोबत वेस्ट इंडिजमध्ये होते. अशी संधी पुन्हा येणे कठीण होते. परंतु सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालील मुंबईच्या उर्वरित संघानेही महाराष्ट्राला हरवले. १९९२-९३ मध्ये महाराष्ट्र पुन्हा अंतिम सामन्यात गेला व लुधियाना येथे पंजाबकडून पराभूत झाला. त्या वेळी, अखेरचे विजेतेपद मिळवून देणारे प्रा. देवधर वयाच्या एकशे एकाव्या वर्षी हयात होते. त्याच वर्षी २४ ऑगस्ट १९९३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी १९४१ मध्ये पाहिलेला आनंद त्यांच्या हयातीत संघाला पुन्हा मिळाला नाही.

जानेवारी २०१४ मध्ये मात्र एक वेगळा दिवस उगवला. उपांत्यपूर्व सामन्यात वानखेडे मैदानावर महाराष्ट्राने मुंबईला ८ गडी राखून हरवले. केदार जाधवचे नाबाद शतक व विजय झोलची नाबाद ९१ धावांची खेळी यांनी हा विजय साकारला. पुढे अंतिम सामन्यात हैदराबाद येथे कर्नाटकाने महाराष्ट्राचा पराभव केला. तथापि महाराष्ट्राच्या जुन्या चाहत्याच्या दृष्टीने त्या हंगामाचे मोल अंतिम सामन्यावर अवलंबून नव्हते. मुंबईत, मुंबईच्या मैदानावर, मुंबईला हरवणे यातच एका पिढीची थकबाकी फिटली होती.

दरम्यान राज्यातील तिसरा संघही पुढे निघून गेला. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ या हंगामांत रणजी करंडक जिंकला. मुंबईने २०२३-२४ मध्ये आपले ४२ वे विजेतेपद मिळवले. तीन संघांपैकी ज्याच्या नावात महाराष्ट्र आहे, त्याची दोन्ही विजेतेपदे स्वातंत्र्यपूर्व काळातील आहेत.

मैदान आणि त्याचे नाव

नाशिकमध्ये रणजी सामने ज्या मैदानावर होतात, त्याला लोक आजही 'गोल्फ क्लब मैदान' म्हणतात. इंग्रजी अमलाच्या खुणा जपणाऱ्या या मैदानाचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या कान्हेरे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. साहेबांच्या खेळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागेला साहेबावर शस्त्र उचलणाऱ्या तरुणाचे नाव मिळावे आणि त्याच जागी साहेबांनीच आणलेला दुसरा खेळ नाशिककरांनी आपला म्हणून खेळावा, यात एका शतकाचा सामाजिक इतिहास सामावलेला आहे.

या मैदानावर वर्षातील बहुतेक दिवस सकाळी चालणाऱ्यांची व सरावासाठी येणाऱ्या मुलांची वर्दळ असते. महाराष्ट्राचा संघ येतो तो क्वचित. मात्र तो येतो तेव्हा नात्याचे स्वरूप बदलते. एरवी वर्तमानपत्रातील तक्त्यात किंवा रेडिओवर असणारा संघ डोळ्यांसमोर उभा राहतो. जानेवारी २०२५ मध्ये ऋतुराज गायकवाडच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने येथे बडोद्याचा ४३९ धावांनी पराभव केला. सौरभ नवलेने त्या सामन्यात नाबाद शतक झळकावले. ज्या बडोद्याविरुद्ध हजारेंनी त्रिशतक केले आणि ज्या बडोद्याने पुढे हजारेंना आपलेसे केले, त्याच बडोद्यावरील हा विजय नाशिकच्या भूमीवर मिळाला.

याहूनही घट्ट धागा स्थानिक खेळाडूंचा आहे. नाशिकचा डावखुरा फिरकी गोलंदाज सत्यजित बच्छाव महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळला. सिन्नरची फिरकी गोलंदाज माया सोनवणे महाराष्ट्राच्या महिला संघातून पुढे आली व २०२२ च्या महिला टी-ट्वेन्टी चॅलेंज स्पर्धेत खेळली. गावच्या मैदानावर पाहिलेला मुलगा वा मुलगी ज्या संघाच्या गणवेशात दिसते, तो संघ आपोआप घरचा होतो. मुंबईचा संघ कितीही जिंकला तरी नाशिकच्या चाहत्याला हे समाधान देऊ शकत नाही.

विकत घेतलेले संघ

२००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली व 'आपला संघ' या कल्पनेला नवे वळण मिळाले. शहराच्या नावाने संघ विकत घेता येऊ लागले. पुण्याच्या नावाने २०११ ते २०१३ या काळात पुणे वॉरियर्स हा संघ खेळला व नाहीसा झाला. २०१६ व २०१७ मध्ये रायझिंग पुणे हा संघ आला. २०१७ च्या अंतिम सामन्यात तो मुंबई इंडियन्सकडून एका धावेने हरला आणि त्यानंतर तोही उरला नाही. ब्रुकलिनच्या चाहत्यांना निदान आपला संघ कोठे गेला हे ठाऊक होते. येथे तर संघच विसर्जित झाले.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये 'ईगल नाशिक टायटन्स' या संघामुळे नाशिकचे नाव एका व्यावसायिक क्रिकेट संघाला लाभले. पहिल्या हंगामाचे सामने मात्र पुण्याजवळच्या गहुंजे येथील मैदानावर झाले. पूर्वी संघ क्वचित का होईना शहरात येत होता, पण त्याच्या नावात शहर नव्हते. आता नावात शहर आले, पण संघ शहरात आला नाही. या दोन स्थितींपैकी निष्ठा कशातून निर्माण होते, हे पाहणे उद्बोधक आहे. नावामुळे कुतूहल निर्माण होते. निष्ठेला मात्र काळ लागतो, सहवास लागतो आणि पराभव सोबतीने सोसावे लागतात.

निष्कर्ष

वरील विवेचनातून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, नाशिकच्या क्रिकेटरसिकाची महाराष्ट्र संघावरील निष्ठा राज्याच्या नकाशातून आलेली नाही, कारण तो संघ राज्यापेक्षा जुना आहे आणि राज्याशी जुळणाराही नाही. दुसरी, ती विजयातूनही आलेली नाही. विजय हाच निकष असता तर नाशिकने मुंबईकडे कधीच पाठ फिरवली नसती. तिसरी, ही निष्ठा तीन गोष्टींवर उभी आहे : मराठीतून पोहोचलेला खेळ, शहराच्या मैदानावर अधूनमधून घडलेली प्रत्यक्ष भेट आणि संघात दिसलेले आपल्या गावचे खेळाडू.

यांपैकी दुसरी बाब सर्वांत नाजूक आहे. रणजी सामन्याला सहसा तिकीट नसते, गर्दीही नसते. परंतु शाळा सुटल्यावर दप्तरासह मैदानाच्या कडेला बसणाऱ्या मुलाला 'हा आपला संघ' असे सांगणारे कोणीतरी शेजारी बसलेले असते. एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाणारा वारसा तेथेच हस्तांतरित होतो. जिल्ह्याच्या मैदानांवरील सामने कमी झाले, तर हा वारसा कोणताही निर्णय न होता, कोणाच्याही लक्षात न येता संपेल. म्हणून स्थानिक क्रिकेटचा इतिहास लिहिताना केवळ धावफलक जतन करणे पुरेसे नाही. १९७१, १९९३ आणि २०१४ चे अंतिम सामने ज्यांनी रेडिओवर ऐकले, वृत्तपत्रात वाचले किंवा पडद्यावर पाहिले, त्या जुन्या नाशिककर चाहत्यांच्या मौखिक आठवणींची नोंद होणे आवश्यक आहे. संघाचे पुढील विजेतेपद येईल तेव्हा येईल. त्याची वाट पाहणाऱ्यांचा इतिहास मात्र त्यांच्या हयातीतच नोंदवावा लागेल.